तळं मी भरलं नाही

मला उद्धट म्हणणारे आयुष्यात पुष्कळ भेटले. सासरी भेटले, नोकरीत भेटले, आता घरात सूनबाईही दबक्या आवाजात म्हणते. पण पहिला मान आमच्या हेडमास्तरांचा. त्यांनी तो शब्द नुसता उच्चारला नाही, तर माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' या शब्दापुढं निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहून ठेवला. कशावरून, तर पाऊण मिनिटाच्या एका हलत्या चित्रावरून. त्या चित्रातल्या तळ्याचं पाणी चढायचं की उतरायचं, एवढाच आमचा वाद होता. ते म्हणत होते, चढलं पाहिजे. मी म्हणत होते, उतरलंय तर उतरतानाच दिसलं पाहिजे. आज इतक्या वर्षांनी कुणी मला समजावतं की त्यांचंही त्यांच्या जागी बरोबर होतं. मी ऐकून घेते आणि मनात म्हणते, नव्हतं.

आम्ही मूळचे पिशोरकडचे, मेंढरं राखणारे. तिकडं विहिरी आटल्या, डोंगरात गवताची काडी उरली नाही, तेव्हा वडील कळप घेऊन शहराकडं निघाले. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते हर्सूलच्या तळ्याशी येऊन थांबले, कारण तळ्याचं पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात चार दिवस का होईना हिरवं उगवतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका पडीक शेताच्या बांधाला पत्र्याची खोली मिळाली. खोलीपुढं काट्यांचं कुंपण घालून मेंढरं, आणि मागच्या बाजूला दादांचा घोंगडी विणायचा माग. घरात घड्याळ नव्हतं. हर्सूलच्या जेलात तासातासाला टोल पडायचे, त्यावर आमचा दिवस चालायचा. सहाच्या टोलाला माय चूल पेटवायची, आठच्या टोलाला ती खडी फोडायला निघायची आणि दहाच्या टोलाला मी शाळेत. कैद्यांच्या घड्याळावर मी शिकले असं म्हटलं की आता नातवंडं हसतात, पण ते खरंच आहे.

तेव्हा गावोगावची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि शहर त्या खडीवर वाढत होतं. जिकडं बघावं तिकडं नवा रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला बायका ओळीनं बसून हातोडी चालवताहेत. तो आवाज सकाळपासून दिवे लागेपर्यंत यायचा. इतका सवयीचा झाला होता की रविवारी तो थांबला की कान बधिर झाल्यासारखं वाटायचं. माय घरी आली तरी तिची बोटं हातोडी धरल्यासारखी वळलेलीच असायची, आणि तशाच बोटांनी ती भाकरी थापायची. भाकरी रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची. ती थापताना चिरायची, तव्यावर कडा फुटायच्या, गार झाली की दाताला दाद द्यायची नाही. तोंडी लावायला मिठाच्या पाण्यात कुटलेली मिरची. एकच चैन होती, मेंढीच्या दुधाचा चहा. दाट, पिवळसर, थोडा वासाचा. आता मुलगा मला पिशवीतल्या दुधाचा चहा देतो आणि विचारतो कसा झालाय. चांगला झालाय म्हणते. काय सांगणार?

दादा चराईला पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, गारखेड्यापर्यंत जायचे. तिथंही काल मेंढरं चरलेल्या रानात आज चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसायच्या. घरं व्हायची होती, रेघा आधीच झाल्या होत्या. मेंढरं बिचारी तो चुना चाटायला जायची आणि दादा त्यांना हाकलून हाकलून दमायचे. पिशोरहून निघाला तेव्हाचा कळप त्या उन्हाळ्यापर्यंत निम्मा झाला होता. काही मेली, काही द्यावी लागली. कोणती कधी गेली ते दादा बोलायचे नाहीत. पण संध्याकाळी मेंढरं आत घेताना ते कुंपणाच्या तोंडाशी उभे राहून एकेकीच्या पाठीवर हात ठेवायचे, आणि तो हात दर आठवड्याला लवकर थांबायला लागला होता.

शाळा हर्सूललाच, टेकाडावर. मी तिथं फळ्यावर सुविचाराखाली चित्रं काढायचे, एवढीच माझी ओळख. त्या वर्षी शहरातल्या शाळांसाठी एका टॉकीजमध्ये सकाळचा खेळ ठेवला होता. विषय होता पाणी. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते आणि खेळाआधी प्रत्येक शाळेनं काहीतरी सादर करायचं होतं. इतर शाळा गाणी बसवत होत्या. आमच्या हेडमास्तरांना मात्र पडद्यावरच झळकायचं होतं. त्या टॉकीजचे ऑपरेटर हाशमचाचा आमच्या शेजारच्या वस्तीतले. रोज सकाळी दादांकडून दूध न्यायचे. त्यांनीच हेडमास्तरांना सांगितलं की कॅमेरा नसला तरी चालतं, कोऱ्या फिल्मवर नुसती चित्रं काढली तरी पडद्यावर हलतात. मग हेडमास्तरांनी मला बोलावलं. "आपल्या शाळेचं नाव तुझ्या हातात आहे," असं म्हणाले. मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी हवेतच घरी आले.

चाचांनी खराब झालेल्या रिळांचे तुकडे आणून दिले. सोड्याच्या कढत पाण्यात बुडवून चिंधीनं घासलं की जुनं चित्र निघून जायचं आणि काचेसारखी स्वच्छ पट्टी हातात यायची. कडेला भोकं. चार भोकांच्या उंचीत एक चित्र, आणि अशी चोवीस चित्रं गेली की पडद्यावर एक सेकंद. मी एकच चित्र तीनदा काढायचे, अशी हजारावर चित्रं झाली, प्रत्येकात हरभऱ्याच्या डाळीएवढ्या मेंढ्या. साधी शाई फिल्मवर धरत नाही. टॉकीजमध्ये जाहिरातीच्या काचा रंगवायची शाई असते, ती चाचांनी बाटलीभर दिली. खिडकीची एक काच दोन विटांवर आडवी ठेवायची, खाली मायचा फुटका आरसा उन्हाकडं कलता करायचा, म्हणजे उजेड काचेतून वर येतो. उन्हामुळं शाळा लवकर सुटायची, मग त्या उजेडावर पट्टी ठेवून मी दुपारभर काढत बसायचे. मध्येच आरशावर ढगाची सावली पडावी असं वाटायचं. ढगच नव्हते.

चित्रात काय होतं ते सांगते. भरलेलं तळं, काठावर मेंढरं. पाणी एक रेघ खाली जातं, तशी मागं एक घर उभं राहतं. पुन्हा एक रेघ खाली, पुन्हा एक घर. मेंढरं पाण्यामागं पुढं पुढं सरकतात. मग ऊन चढतं आणि सगळी मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून घोळका करतात. मग त्या घोळक्यातून एकेक कमी होतं. शेवटी नुसता तडकलेला गाळ. मला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि मी काही विचार करूनही काढलं नव्हतं. मला राग आला होता. दादांचा हात लवकर थांबायला लागला त्याचा राग, चुन्याच्या रेघांचा राग. ज्याचा राग यावा असा माणूस मात्र समोर सापडत नव्हता.

आता माझी चूक. ती आमच्या घरातल्या पोरीनंच करावी अशी होती. मागावर बसलं की घोंगडी आपल्यापासून सुरू होते. विणलेला भाग आपल्या पोटाशी, विणायचा भाग समोर, पुढं पुढं जाणारा. लहानपणापासून मी दादांच्या शेजारी बसून तेच पाहिलेलं. त्यामुळं फिल्मची पट्टी काचेवर ठेवली तेव्हा पहिलं चित्र मी पट्टीच्या खालच्या टोकाला, माझ्या बाजूला काढलं, दुसरं त्याच्या वर, तिसरं त्याच्याही वर. अशी सगळी फिल्म मी विणत गेले. फिल्म असते ती बरोबर उलटी. पहिलं चित्र वर आणि पुढचं त्याच्या खाली, पुस्तकातल्या ओळींसारखं. हे चाचांनी सांगितलं नाही, कारण हे सांगावं लागेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

टॉकीजमध्ये सकाळी चाचणी झाली. हेडमास्तर खाली हॉलमध्ये मधोमध बसले, मी वर चाचांच्या केबिनमध्ये. यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर तळं वर, आभाळ खाली, मेंढरं पाय वर करून लटकलेली. मला रडूच आलं. चाचांनी पट्टी डोळ्यांपुढं धरून पाहिली आणि हसायला लागले.

"नीचे से चढाई ना तू? कायकू रोती? दुसरे सिरे से लगाता मैं."

त्यांनी शेवटचं टोक आधी घातलं. आता मेंढरं पायावर उभी होती, पण सगळं मागून पुढं चाललं होतं. तडकलेल्या गाळात मेंढरं कुठून कुठून उगवली, घोळका मोकळा झाला, पाणी रेघेरेघेनं चढलं आणि तळं काठोकाठ भरलं. खालून टाळ्यांचा आवाज आला. एकटे हेडमास्तर वाजवत होते. मी जिना उतरून धावत त्यांच्याकडं गेले.

"वा," ते म्हणाले. "अशीच दाखवायची."

"सर, ही उलटी लागलीय."

"उलटी कशी? पाणी वाढतंय, मेंढ्या वाढताहेत. आशादायक आहे."

"घरं गायब होत्यात, सर."

"त्याकडे कोण बघतंय?"

"आणि मेंढरं मागं मागं चालत्यात. शेपटाकडून."

"लहान मुलांना गंमत वाटेल," ते म्हणाले. "एक मात्र कळलं नाही. मध्येच त्या मेंढ्यांची डोकी कुठे जातात?"

हर्सूलला राहून या माणसानं भर उन्हातला मेंढरांचा घोळका कधी पाहिला नव्हता. शाळेच्या खिडकीतून रोज दिसत होता. मी सांगितलं की मी पुन्हा सगळी काढीन, सरळ काढीन, आणि तीच लावायची. ते म्हणाले, साहेबांपुढं रडगाणं नको, लोक घरी जे बघतात तेच बघायला टॉकीजमध्ये येत नाहीत. मी म्हटलं, "मग ही मी नाही दाखवू देणार." असं तोंडातून निघून गेलं. निघून गेल्यावर मात्र मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी दादांना शाळेत बोलावणं आलं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, असे ते ऑफिसच्या दारात उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. हेडमास्तरांनी त्यांना शांतपणे समजावलं. ते काही आरडाओरड करणारे गृहस्थ नव्हते. चित्रातलं तळं भरलेलं दाखवलं तर कुणाचं काय बिघडतं, असं त्यांनी विचारलं. दादांनी थोडा विचार केला.

"भरल्यालं दिसलं की मेंढरं तिकडंच धावत्यात, साहेब," ते म्हणाले. "तिथं पाणी नसलं तर त्यांना माघारी कोण आणायचं?"

हेडमास्तरांना वाटलं दादांना प्रश्न समजला नाही. मी दादांच्या मागं घरी निघाले. टेकाडाचा उतार संपला तेव्हा ते थांबले. मग म्हणाले, "शाळा सुटंल तुजी. मंग माज्यासंगं कळपामागं हिंडावं लागंल. तयारी असंल तर कर." मी व्हय म्हटलं. खरं तर तयारी अजिबात नव्हती. मला शाळा फार आवडायची. माय रात्रीच्या भाकरी थापत होती, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "पाणी काढून पाणी येत असतं तर म्या खडी कशाला फोडली असती?" ती कुणाच्या बाजूनं बोलली ते मला आजही सांगता येणार नाही.

मी पुन्हा हजार चित्रं काढली. या वेळी पट्टी वरून खाली. हात सारखा खालून वर जायला बघायचा, त्याला आवरावं लागायचं. दुपारी कळप तळ्याकाठी घोळका करून उभा असला की दादा येऊन माझ्याशेजारी बसायचे. एकदा त्यांनी बराच वेळ पट्टी उजेडाला धरून पाहिली. "कोकरू कडंला काढलंस," म्हणाले. "कडंला कसं राहील? त्येला समद्या मधी घेत्यात." मी तेवढी साठेक चित्रं खरवडून पुन्हा काढली. ते बघत बसले. आयुष्यात माझ्या कामातली चूक दाखवणारे खूप मिळाले, पण त्यांच्याएवढं नीट बघून दाखवणारा कुणी मिळाला नाही.

खेळाच्या सकाळी केबिनमधल्या टेबलावर दोन गुंडाळ्या होत्या. एक विणलेली, एक सरळ. हेडमास्तरांचा निरोप आदल्या दिवशीच आला होता की पहिली लावायची. खाली हॉल पोरांनी भरला होता. शिट्ट्या, बाकांचा खडखडाट, मास्तरांची दटावणी. पुढच्या रांगेत साहेब, त्यांच्याशेजारी आमचे हेडमास्तर, नव्या कोटात. चाचांनी बिडी विझवली आणि दोन्ही गुंडाळ्या माझ्यापुढं सरकवल्या.

"मशीन मेरी, पिक्चर तेरी," ते म्हणाले. "बोल, कौनसी?"

मी सरळवर बोट ठेवलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मेंढरं थरथरत पडद्यावर आली तेव्हा पोरं हसली. माझा हात काही यंत्र नव्हता, प्रत्येक मेंढी जागेवर कापत होती. पहिलं घर उभं राहिलं तेव्हाही हसली. तिसऱ्या चौथ्या घरापाशी हसणं पातळ झालं. पाणी उतरत राहिलं. घोळका झाला तेव्हा खालून एका बारक्या पोराचा आवाज स्पष्ट आला, "ऊन लागतंय त्यांना." एकेक मेंढी कमी झाली. कोकरू शेवटपर्यंत मध्ये होतं, मग तेही गेलं. गाळ दिसला आणि पट्टी संपून पडदा पांढरा झाला. टाळी पडली नाही. केबिनच्या भोकातून मी ती शांतता ऐकत होते आणि मला वाटत होतं, आता माझं काहीही होवो.

मग हेडमास्तर पडद्यापुढं आले. हसतच आले. ऑपरेटरच्या चुकीमुळं फिल्म उलटी लागली, असं त्यांनी सांगितलं. मूळ चित्रपटात कोरडं तळं भरतं, म्हणाले, आणि आपलंही लवकरच भरेल. सगळा हॉल सुटल्यासारखा हसला. साहेब हसले, मास्तर हसले, आणि मघाशी गप्प झालेली पोरं सगळ्यात मोठ्यानं हसली. मग टाळ्या झाल्या. मला त्या माणसानं नंतर जे काही केलं त्याचं एवढं वाटलं नाही. पण ते हसणं मला लागलं. खोटं सांगितल्यावर एवढं हलकं वाटतं लोकांना, हे मला तोवर माहीत नव्हतं.

चाचांनी पट्टी गुंडाळून माझ्या हातात दिली. टॉकीजचा मालक त्यांच्यावर भडकला होता हे मला दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं. प्रार्थनेआधी हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावून एक कागद दिला. त्यांनी स्वतः लिहिलेला होता. काल माझ्या निष्काळजीपणामुळे चित्रपट उलटा दाखवला गेला, मूळ चित्रपटात तळे भरते, मी सर्वांची क्षमा मागते. हे सगळ्या शाळेपुढं वाचायचं. "वाचलंस की ऑपरेटरवरचा आळ जाईल, मी मालकांना चिठ्ठी देईन," ते म्हणाले. "आणि तुझं वर्ष वाया जाणार नाही. हुशार मुलगी आहेस तू." ते मनापासून बोलत होते. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला वाचवताहेत. चाचांची भाकरी जाणार असेल तर माझ्या खरेपणाला काय चाटायचंय, असं माझ्या मनात आलं. पण चाचा त्या सकाळी दूध न्यायला आले होते. शाळेत मला काय म्हणायला लावतील ते ओळखल्यासारखं, बाकी काही न सांगता जाताना एवढंच म्हणाले होते, "मेरे वास्ते झूट नक्को बोल. मैं गलती नै करा."

पुढं चाचांची नोकरी राहिली. ते यंत्र दुसऱ्या कुणाला हाताळता येत नव्हतं, दोन दिवस आदळआपट करून मालक गप्प झाला. मी वर्षभर कळपामागं हिंडले आणि मग दुसऱ्या शाळेत नाव घातलं. पण त्या सकाळी यातलं मला काहीच माहीत नव्हतं. हातात तो कागद होता आणि जेलाचे टोल पडत होते.

प्रार्थना मैदानात व्हायची, टेकाडाच्या कडेला, ओळी करून. हेडमास्तरांनी माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले, कागद उघडला आणि त्यावर न बघता बोलले.

"काल चित्रपट सरळ दाखवला गेला. हाशमचाचांनी मला विचारूनच तो लावला. त्यांची चूक नाही, माझीही नाही. ते तळं आपलं आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं मान वळवून बघावं."

मैदानातून तळं दिसायचं. आधी पहिलीच्या ओळीतल्या एका पोरीनं मान वळवली. मग तिची ओळ, मग शेजारची, मग मोठ्या वर्गातली पोरं, मग मास्तर. खाली उन्हात भेगाळलेला गाळ पसरला होता. पाणी पार दूर, आणि त्याच्या कडेला आमची उरलेली मेंढरं. कुणी हसलं नाही. सगळी शाळा तळ्याकडं तोंड करून उभी होती. हेडमास्तर तेवढे पाठ करून उभे होते.